पुसलेली ओळ

"फळ्यावर लिहिलेलं कुणी पुसायचं नाही. मीसुद्धा नाही. शुक्रवारी तीन वाजता सगळ्यांसमोर वाचायचं, त्यावर काहीतरी ठरवायचं, आणि मगच डस्टरला हात लावायचा. कळलं?"

सल्लागाराचं पहिल्या दिवशीचं हे बोलणं ताईच्या कानात अजून जसंच्या तसं होतं. हल्ली सकाळी डोळे मिटून नामाला बसली की आधी तेच ऐकू यायचं. तिचा नेम कधी चुकला नव्हता. आजारपणात नाही, बाळंतपणात नाही. आताही ती ठरल्या वेळी बसायची आणि ठरल्या वेळी उठायची. पण मधला वेळ कोरडा जायचा. ओठ हलायचे आणि मन खाली तळघरात, त्या काळ्या फळ्यापुढे जाऊन उभं राहायचं.

कुणी विचारलं असतं, की एवढं कसलं आभाळ कोसळलंय, तर तिला नीट सांगताही आलं नसतं. खडूनं लिहिलेली एक ओळ पुसली होती. एवढंच.

ताई एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत सुपरवायझर होती. सतरा वर्षं नोकरी, त्यातली सहा या हुद्द्यावर. तळघरात चार धुलाईयंत्रं, दोन ड्रायर, इस्त्रीचा लांबलचक रोलर, आणि अगदी शेवटी, ट्यूबलाइटखाली, घड्या घालायचं टेबल. माणसं चौदा. रोज आठ-नऊशे चादरी यायच्या आणि ज्या वॉर्डातून आल्या त्याच वॉर्डात परत जायच्या. त्यामुळे एका वॉर्डाचं कपाट ओसंडून वाहायचं आणि दुसऱ्या वॉर्डाची सिस्टर फोनवर रडकुंडीला यायची. हे बदलायला हवं, हे सगळ्यांनाच पटलेलं होतं. पण बदल म्हटलं की लाँड्रीवाले धास्तावायचे. दोन वर्षांपूर्वी वरून एक जाडजूड फाईल आली होती. सोमवारपासून सगळं नवं. बुधवारी ऑपरेशन थिएटरात गाऊनऐवजी उशांचे अभ्रे पोचले, आणि सर्जननं अभ्रा डोक्यावर घालून तळघरात येऊन विचारलं होतं, "हे कसं दिसतंय?"

हा सल्लागार मात्र वेगळा निघाला. "मला लाँड्रीतलं काही कळत नाही," असं त्यानं आल्या आल्या सांगून टाकलं.

"मग तुम्ही आमचे साहेब व्हायला अगदी योग्य," रोलरवरचा इस्त्रीवाला म्हणाला. सगळे हसले, सल्लागारही हसला.

त्याची रीत सोपी होती. एका वेळी एकच बदल, तोही एकाच आठवड्यापुरता. जमला तर ठेवायचा, लंगडला तर दुरुस्त करायचा, नाहीच चालला तर टाकून द्यायचा आणि त्याचं कुणी वाईट वाटून घ्यायचं नाही. ज्याला जे खटकेल ते त्यानं फळ्यावर लिहायचं, नाव न घालता. काय जमलं ते त्याला ऐकायचंच नव्हतं. "चुकतंय काय, ते सांगा," तो म्हणायचा, "जमलेलं काय, मला दिसतंच." बायकांनी त्याचं नाव 'आठवडेसाहेब' ठेवलं.

पहिल्या आठवड्यात वॉर्डांच्या गठ्ठ्यांना रंगीत पट्ट्या बांधल्या. कुणीतरी लिहिलं, 'वाफेत लाल आणि केशरी सारखंच दिसतं.' शुक्रवारी केशरी रद्द झाला. दुसऱ्या आठवड्यात ओल्या कपड्यांच्या ट्रॉलीचा रस्ता बदलला, आणि चाक मोरीच्या जाळीत रुतलं. "साहेब, तुमचा बदल गटारात अडकला," इस्त्रीवाला ओरडला. सल्लागारानं बाह्या सरसावून स्वतः चाक काढलं आणि तो बदल तिथल्या तिथे मोडीत काढला. त्या दिवसापासून माणसं खरं बोलायला लागली. जी धुणेवाली वर्षानुवर्षं मान खाली घालून काम करायची, तिनंही एका सकाळी खडू उचलला. ताईनं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तिला मनापासून बरं वाटलं होतं. हे विसरता आलं असतं तर पुढचं सगळं इतकं टोचलं नसतं.

तिसऱ्या आठवड्यात मोठा बदल आला. सगळ्या वॉर्डांच्या चादरी एकत्र करायच्या आणि ज्याला जेवढ्या लागतील तेवढ्या द्यायच्या. त्याच्याच जोडीला ताईनं एक गोष्ट सुचवली. घडी घालताना चादर ट्यूबलाइटसमोर धरायची. पलीकडचा उजेड आरपार दिसला तर ती झिजलेली समजायची, आणि फाडून पुसायची फडकी करायची. म्हणजे कपाटात सगळ्या चादरी एकसारख्या, जाड, पांढऱ्याशुभ्र.

"फार छान," सल्लागार म्हणाला. सतरा वर्षांत ताईच्या कल्पनेला कुणी छान म्हणण्याची ही पहिलीच वेळ. ती त्या संध्याकाळी घरी जाताना मनातल्या मनात ते दोन शब्द पुन्हा पुन्हा उलगडून बघत होती.

घडीच्या टेबलावर मावशी असायची. सव्वीस वर्षं तिथेच. ताई नोकरीला लागली तेव्हा चार कोपरे जुळवून घडी कशी घालायची ते मावशीनंच शिकवलेलं. मावशी शाळेत फारशी गेलेली नव्हती. त्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तेव्हा ती फळ्यापुढे उभी राहिली आणि दहा मिनिटं खडू घट्ट धरून एकेक अक्षर काढत राहिली. ताई काचेच्या केबिनमधून बघत होती. मग जाऊन तिनं वाचलं.

'पातळ चादरी फाडू नका. वर भाजलेल्यांना त्याच लागतात.'

ताईचं मन खट्टू झालं. खरं-खोटं करायला ती चौथ्या मजल्यावर, जळीत वॉर्डात गेली असती, तर दहा मिनिटांचं काम होतं. ती गेली नाही. मावशीला विचारलं असतं, तर दोन मिनिटांचं. तेही केलं नाही. सव्वीस वर्षं एकच काम केलं की माणसाला प्रत्येक चादर आपली वाटते, असं तिनं स्वतःला समजावलं.

शुक्रवारी हॉस्पिटलच्या संचालिकाबाई पहिल्यांदाच फळा बघायला येणार होत्या. सकाळी अकराला सगळे चहाला गेले तेव्हा ताई एकटीच होती. फळ्यावर सात ओळी होत्या. सहा किरकोळ, कुणी चिमटा हरवला म्हणतंय, कुणी पंखा फिरत नाही म्हणतंय. सातवी वाचली की वाटावं, खाली बसलेल्यांनी वरच्या दुखणाईतांचा जीवच घेतलाय. आणि तीही नेमकी ताईच्या कल्पनेवर. तिनं टेबलावरचं एक ओलं फडकं घेतलं. झिजलेल्या चादरीचंच होतं, मऊसूत. एकदाच हात फिरवला आणि ओळ निघाली. सोमवारी आपण स्वतः वर जाऊन बघू, असं तिनं ठरवलं, आणि ठरवल्याबरोबर तिला हायसंही वाटलं.

तीन वाजता सगळे जमले. संचालिकाबाई सहा ओळी वाचून म्हणाल्या, "बस, एवढंच? कमाल आहे! आणि चादरींची ही चाचणी कुणाची कल्पना?"

"ताईंची," सल्लागार म्हणाला.

टाळ्या वाजल्या. मावशी मागच्या रांगेत उभी होती. तिची नजर फळ्याच्या खालच्या कोपऱ्यावर गेली, तिथे थोडा वेळ थांबली, आणि मग सावकाश ताईकडे वळली.

"अजून कुणाचं काही राहिलंय?" सल्लागारानं विचारलं.

मावशी ताईकडे बघत होती. त्या बघण्यात राग असता तर ताईनं झेलला असता. मावशी फक्त वाट बघत होती. ताईनं हातातल्या यादीत डोकं घातलं.

सोमवारी वर जायचं राहिलं. मग मंगळवारी राहिलं. मग ते राहिलंय हेसुद्धा आठवेनासं झालं.

मावशीनं पुन्हा खडू हातात घेतला नाही. कुणाला काही सांगितलंही नसावं. पण अशा गोष्टी भिंतींना कळतात. पुढच्या आठवड्यात फळ्यावर चार ओळी होत्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात दोन, आणि मग काहीच नाही. संचालिकाबाई खूश झाल्या. सल्लागार मात्र त्या कोऱ्या फळ्यापुढे कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"ताई, माणसं गप्प का झाली?"

"सगळं बसलंय आता, साहेब."

"फळा कोरा दिसला की मला भीतीच वाटते," तो म्हणाला. पण त्याला दुसऱ्या हॉस्पिटलात जायची घाई होती. तिथेही हीच पद्धत सुरू करायची होती, आणि तिथली मुख्य म्हणून ताईचं नाव वर गेलं होतं. पुढच्या सोमवारपासून रुजू.

घरी नवऱ्यानं आल्यागेल्याला ही बातमी सांगून सांगून गुळगुळीत केली. कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, "आई आता दोन-दोन हॉस्पिटलांची धुलाई करणार!" सासूबाईंनी सुनेच्या तोंडाकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "मग तू जेवत का नाहीस गं?"

"भूक नाही, आई."

"मोठेपणानं पोट भरलं वाटतं," मुलगी म्हणाली. सगळे हसले. ताईही हसली.

त्याच आठवड्यात बुधवारी दुपारी जळीत वॉर्डाच्या मुख्य सिस्टर तळघरात उतरल्या. फोन न करता, स्वतः. हातात एक कोरी करकरीत चादर होती.

"मऊ चादरी कुठं गेल्या?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"कुठल्या, सिस्टर?"

"अहो, आमच्या! जुन्या, पातळ. इतकी वर्षं आमच्या गठ्ठ्यात त्याच यायच्या. मला वाटायचं योगायोग आहे. आता महिनाभर ह्या पत्र्यासारख्या येतायत." त्यांनी चादर टेबलावर आपटली. "पट्ट्या निघाल्यावर नवी कातडी कशी असते, पाहिलीय? सायीसारखी. कूस बदलली तरी घासली जाते. एका बाईची तर भरत आलेली पाठ परत सोलली. डॉक्टर मलम बदलतायत, औषधं बदलतायत, आणि मला काल उमगलं की बदललीय ती चादर. तुमचा तो फळा आहे ना? त्यावर कुणी लिहिलं नाही का हे?"

रोलर फिरत होता. इस्त्रीवाल्यानं तो बंद केला, तशी खोली एकदम मोठी वाटायला लागली.

ताईनं टेबलावरची ती चादर उचलली. आणि ती बोलली ते हे: "नाही, सिस्टर. कुणी लिहिलं नाही."

घडीच्या टेबलाशी मावशीचा हात थांबला.

"मावशी, तुम्ही तरी सांगायचंत!" सिस्टर तिच्याकडे वळल्या. "तुमच्याच हातून जातात ना चादरी?"

मावशीनं अर्धी घडी खाली ठेवली. "चुकलं माझं, सिस्टर," ती म्हणाली. "बघते मी. असतील दोन-चार कुठे."

तिनं खालचा कप्पा उघडला आणि मागून चार पातळ चादरी काढल्या. तिनं त्या फाडल्याच नव्हत्या. लपवून ठेवल्या होत्या. ताईनं त्या तिच्या हातून घेतल्या, काहीतरी करायला हवं म्हणून, आणि सिस्टरांच्या मागोमाग चौथ्या मजल्यावर गेली.

खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई डाव्या कुशीवर निजली होती. कुठल्याशा बेकरीत भट्टीवर काम करायची, भडका उडाला तेव्हा पाठ भट्टीकडे होती. सिस्टरांनी आणि आयानं मिळून तिला अलगद उचलून चादर बदलली. तिनं गाल चादरीवर टेकला आणि डोळे मिटले.

"अगंबाई. आली परत ती," ती म्हणाली. मग डोळे उघडून तिनं ताईकडे बघितलं. "तुम्ही खालच्या ना? लाँड्रीच्या?"

"हो."

"मी यांना विचारत होते, कोण पाठवतं ह्या चादरी म्हणून. आभार मानायचे होते. आमच्याकडे पाव नेणारे कधी भट्टीपर्यंत येऊन चांगला झालाय म्हणून सांगत नाहीत, मला माहितेय कसं वाटतं ते." ती हसली, तशी पाठ ताणली असणार, कारण ओठ मध्येच आवळले गेले. "मग महिनाभर काय झालं हो? धोबी रुसला का?"

"होईल आता नीट," ताई म्हणाली, आणि जवळजवळ पळतच बाहेर पडली.

साडेपाचला पाळी सुटली. माणसं हात धुऊन निघाली. मावशी मात्र टेबलाशीच होती. तिनं चार वॉर्डांच्या कपाटांच्या तळाशी पडून राहिलेल्या, धुवायला न आलेल्या चादरी उपसून आणल्या होत्या आणि एकेक चादर उजेडासमोर धरून पातळ तेवढ्या वेगळ्या काढत होती. नवीन चादरींच्या बदल्यात इतर वॉर्डांच्या जुन्या मागून आणायच्या, इतकी वर्षं ती गुपचूप करत आलेली एवढी साधी युक्ती. महिन्यापूर्वी एका शुक्रवारी पाच मिनिटांत ठरली असती.

ताई टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. चादरीची दोन टोकं तिनं आपसूक धरली.

"मावशी, ती ओळ मी पुसली."

"ठाऊक आहे."

"तेव्हापासून?"

"तुझ्या बाहीला खडू लागला होता." सगळ्यांसमोर मावशी तिला अहो-जाहो करायची. दोघीच असल्या की सतरा वर्षांपूर्वीची 'तू' परत यायची. "नीट धर. कोपरा सुटतोय."

ताईनं कोपरा धरला. "मग सिस्टरांपुढे 'माझं चुकलं' असं का म्हणालात? मला वाचवायला?"

"तुला कशाला वाचवू?" मावशीनं घडी छातीशी आणून दुमडली. "तू उभी होतीस ना तिथे. मला वाटलं, आता बोलेल. आता बोलेल. नाही बोललीस. मग कुणीतरी काहीतरी बोलायला हवंच होतं. ती बाई तळमळत होती वर, आणि आपण खाली कुणाचं चुकलं ते मोजत बसायचं?"

ताईचे डोळे भरून आले. मावशीनं तिकडे लक्षच दिलं नाही.

"त्या आठवडेसाहेब पोराचा फळा मला आवडला होता गं," ती म्हणाली. "सव्वीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं, काय चुकतंय म्हणून. पगार विचारला, वय विचारलं, रजा का घेतली ते विचारलं. हे नाही. घरी जाऊन मी नातीकडून अक्षरं गिरवून घेतली आधी. चुकीचं लिहिलं तर हसतील म्हणून."

ताईनं हातातली चादर खाली ठेवली. "मला माफ करा, मावशी."

"मी काय माफ करू? माझी पाठ धडधाकट आहे." मावशीनं पुढची चादर ओढली. "जिची सोलली तिला सांग."

"शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगते. साहेबांना बोलावून घेते, संचालिकाबाईंनाही."

"सांग ना. शुक्रवारीही सांग. पण तिला मध्ये दोन दिवस त्याच खाटेवर काढायचेत, आणि तिला वाटतंय धोबी रुसला." हे मावशीला कसं कळलं, ताईनं विचारलं नाही. आया सगळीकडे सांगतात.

"ती नवी जागा जाईल माझी."

ताईला वाटलं, मावशी म्हणेल, नाही जाणार. मावशीनं चादर उजेडासमोर धरली, बघितली, आणि पातळ चादरींच्या ढिगावर ठेवली.

"जाईलही," ती म्हणाली.

थोडा वेळ दोघी घड्या घालत राहिल्या. तू कोपरा, मी कोपरा, जवळ, दुमड. ताईला घर आठवलं. नवऱ्याचा आनंदी चेहरा आठवला, आणि त्याला हे कसं सांगायचं त्याची जुळवाजुळव मन आपोआप करायला लागलं. काय गाळायचं, काय आधी सांगायचं. तिनं ती तिथेच थांबवली.

"आज सांगते," ती म्हणाली. "घरी जायच्या आधी. त्या बाईला, आणि सिस्टरांनाही. ओळ होती, कुणीतरी लिहिली होती, आणि मी पुसली. नंतर खोटंही बोलले. एवढंच सांगते, पुढेमागे काही जोडत नाही."

मावशीनं पहिल्यांदा हात थांबवून तिच्याकडे नीट बघितलं.

"रडू नकोस तिच्यापुढे," ती म्हणाली. "नाहीतर तीच तुला समजावत बसेल, आणि बोलताना पाठ दुखते तिची."

"नाही रडत. शब्द देते."

ताईनं बेसिनशी जाऊन तोंड धुतलं. घरी फोन करून सांगितलं, की यायला उशीर होईल, जेवून घ्या. लिफ्ट तळाशीच उभी होती, लिफ्टवाला स्टुलावर बसून पेंगत होता. त्याला न उठवता ती जिन्याकडे वळली. पहिल्या मजल्यावर भांडारातले साहेब भेटले. "काय ताई, ऐकलं बरं का! तोंड कधी गोड करताय?"

"येते हं," ती म्हणाली आणि त्यांना वाट देण्यासाठी भिंतीकडे सरकली.

दुसऱ्या मजल्यावर तिनं श्वास घेतला. तोंडातल्या तोंडात वाक्य एकदा म्हणून पाहिलं, त्यातला एक 'पण' काढून टाकला, आणि ती पुढच्या पायऱ्या चढायला लागली.